मिरलांद मावशीचं घर समुद्रावरून आलं

"सुटकेस दिसली की मी कॅमेरा बंद करणार," असं मिरलांद मावशीनं माझ्या आजोबांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि आजोबा बिचारे सुटकेस मांडीवर घेऊनच बसले होते! पिक्चर काढायला बाई येतेय म्हणजे हातात काहीतरी पाहिजे ना, असं त्यांना वाटलं. पातागोनियाला मेंढ्या कातरायला जायचे तेव्हाची पत्र्याची सुटकेस, कोपरे चेपलेली. माळ्यावरून काढून, पुसून, तेल लावून बसले होते.

"का गं पोरी, माझ्या सुटकेसनं तुझं काय घोडं मारलंय?"

"आजोबा, परक्या मुलखात गेलेल्या माणसाचा कुठलाही पिक्चर बघा. सुटकेस असते, पाऊस असतो आणि खिडकीत रडत बसलेली एक बाई असते. मी हैतीहून आले ती काय सुटकेस घेऊन आले? पोत्यात आले."

"तू पोत्यात आलीस?"

"सामान पोत्यात, आजोबा! मी बसनं."

आजोबा इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. सुटकेस परत माळ्यावर गेली. रडकी बाईपण मावशीनं कधी दाखवली नाही. पाऊस मात्र तिला चालवून घ्यावा लागला, कारण चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर पाऊस नसलेला पिक्चर काढायचा तर वर्षातले मोजके दिवसच हातात येणार.

हे सगळं मी भरभर टाइप करतेय कारण डोक्यात एकदम सगळं येतंय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मिरलांद मावशी आमच्या पुकेल्दे गावात आली ती मासळीच्या कारखान्यात काम करायला. हैतीतल्या तिच्या गावी ती लग्नांचे आणि मयतांचे व्हिडिओ काढायची. "दोन्हीकडे लोक तेवढेच रडतात आणि तेवढेच खातात," म्हणायची. इथे सकाळी कारखान्यात माशाचे काटे काढायचे आणि संध्याकाळी मोबाईलवर शूटिंग. नंतर कुणाचा तरी जुना कॅमेरा मिळाला, त्याची डावी बाजू चिकटपट्टीनं बांधलेली. उंच, खांद्यानं रुंद, डोक्याला कायम पिवळा रुमाल. तिच्या पोत्यातून आलेल्या वस्तूंपैकी तीनच उरल्यात: आईची डाव, एक फोटो आणि एक मोठा शंख. बाहेरून खरखरीत, आतून गुलाबी. तो तिच्या खोलीत दाराला अडकण म्हणून पडलेला असायचा. वारा आला की दार आपटू नये म्हणून शंख!

तिचा पिक्चर काढायचा एक नियम आहे. ज्याची गोष्ट असेल त्यानं ती सांगायची नाही.

मला आधी वाटलं वेडी आहे ही. म्हणजे तुमच्यावर काय गुदरलं ते तुम्ही सोडून कोण सांगणार? पण ती काय करायची, दोन माणसं धरायची, एक इथलं, एक बाहेरचं. दोघांना कित्येक संध्याकाळी एकाच चुलीपाशी बसवायची. कॅमेरा नाही, काही नाही. नुसतं खा, प्या, बोला. आणि मग एके दिवशी कॅमेरा लावून म्हणायची, "आता तू याची गोष्ट सांग. 'मी' म्हणून सांग."

आमचे आजोबा आणि झोनेल असे बसले होते. झोनेल म्हणजे मावशीबरोबर कारखान्यात काम करणारा हैतीचाच पोरगा, अंगानं काटकुळा, आवाज मात्र ढोलासारखा. तर आजोबांनी झोनेलचा प्रवास सांगितला. "मग मी वाळवंटात उतरलो. बसवाला म्हणाला इथून चाला. माझे बूट उजवे उजवेच होते, दोन्ही." आणि झोनेलनं आजोबांचं पातागोनिया सांगितलं. "मालक मला नावानं हाक नाही मारायचा. चिलोएवरून आलेल्या सगळ्यांना एकच नाव. मी मेंढ्या कातरायचो आणि मनात प्रत्येक मेंढीला मालकाचं नाव ठेवायचो." आमच्या चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून हा पिक्चर दाखवला तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. आजोबा आणि वाळवंट! मग हळूहळू लोक पुढे सरकून बसले. माझी आई तर नाक पुसत बाहेरच गेली. तिच्या सासऱ्यांनी मेंढ्यांचं हे इतक्या वर्षांत घरात कधी सांगितलं नव्हतं.

संपल्यावर आजोबा उठून म्हणाले, "हा झोनेल सगळं खोटं सांगतोय. तो कधी गेला होता पातागोनियाला? पण बरोबर सांगतोय, चोर."

मावशीला विचारलं, हे असं का, तर म्हणाली, "स्वतःची गोष्ट सांगताना माणूस दया मागतो. दुसऱ्याची सांगताना लक्ष देतो." बास. यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाही यावर. मी मात्र हे वाक्य कॉलेजातल्या सगळ्यांना ऐकवून पकवलंय.

हं, तर घर.

खाडीच्या पल्याडच्या टोकाला रुदेलिंदा आज्जीचं घर होतं. लाकडी, भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, रंग एकेकाळी निळा. नवरा गेल्यावर आज्जी तिथे एकटीच राहायची आणि शेवटी पाय दुखायला लागले म्हणून लेकीकडे गावात आली. जावई म्हणाला, घर मोडून जळण करू, थंडी येतेय. आज्जीनं काठी उगारली त्याच्यावर. आणि त्याच रागात मिरलांद मावशीला म्हणाली, "तुला राहायला खोली आहे ना भाड्याची, कारखान्यामागे, कुबट? टेकडीवर तुझी जमीन आहे ना, नुसती शेळी बांधलेली? घर घेऊन जा माझं. पण मोडायचं नाही. न्यायचं तर उभंच न्यायचं. आणि थंडीच्या आत, नाहीतर हा मेला कुऱ्हाड घेऊन बसलाच आहे."

उभं घर न्यायचं म्हणजे मिंगा करायची. दुसरा रस्ताच नाही, म्हणजे खरंच नाही, पल्याडच्या टोकापासून गावापर्यंत मध्ये दलदल आहे. ओहोटीला घर बैलांनी वाळूवर ओढायचं, भरती आली की तरंगवायचं, होड्यांनी ओढत खाडी पार करायची आणि अल्याड परत बैल लावून टेकडी चढवायची. सगळ्या गावाचं काम. यात पैसे देत नाहीत, घेत नाहीत. घरवाल्यानं पोटभर जेवू घालायचं आणि आधी घरोघरी स्वतः जाऊन विनवणी करायची. बसायचं, समोर येईल ते प्यायचं, गायीगुरांची चौकशी करायची, आणि अगदी उठता उठता म्हणायचं, "एक विनंती होती."

इथे मावशीचं अडलं. कारण ती कुणाकडे काही मागत नाही. मीठसुद्धा नाही. आली त्या वर्षापासून हा तिचा हट्ट, "बाहेरून आलेलीनं हात पसरला की आयुष्यभर पसरलेलाच दिसतो." तिला देणं आवडायचं. अंत्यसंस्कार असो, बटाटे काढणं असो, ही हजर. पण तिच्याकडे कामाला यायचं म्हटलं की, "नको नको, मी करते माझं."

"मग जळण होऊ दे घराचं," आज्जी म्हणाली. "मीपण त्या शेकोटीला बसेन. छान ऊब येईल."

गेली मग मावशी घरोघरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावातच होते, आमच्या घरी आली तेव्हा मी समोर. स्वच्छ पिवळा रुमाल, कानात डूल. बाबांशी बैलांचं बोलली, आईशी लसणाचं. आणि उठताना तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नीबाल्दो भाऊ, एक विनंती होती. पुढच्या उधाणाच्या भरतीला घर आणायचंय."

बाबांनी छताकडे बघितलं. "शेजारीणबाई, बैलाचा खूर जरा दुखतोय."

आजोबा म्हणाले, "माझं तर काय, वय झालं."

आईनं टोपलीतून बटाटे काढून तिच्या ओटीत घातले. "घ्या, जांभळे आहेत, शिजायला चांगले."

मावशी "बरं" म्हणाली आणि गेली. गावभर हेच झालं. होडीवाल्यानं सांगितलं इंजिनाचा भरवसा नाही. एकाचा भाचा येणार होता. एकाच्या बायकोला स्वप्न पडलं होतं. आणि सगळ्यांनी काही ना काही हातावर ठेवलं, बटाटे, लसूण, सुके शिंपले.

आता बघा, आमच्याकडे लहान पोराला पण कळतं की बटाटे मिळाले म्हणजे ती माणसं येणार! समुद्राचं काम आहे, त्याला तोंडानं "येतो" कोण म्हणेल? समुद्रानं ऐकलं तर वारा सोडतो. म्हणून खूर दुखतो, भाचा येतो, स्वप्न पडतं. आणि त्या दिवशी सकाळी घरवाल्यानं आपल्या जागेवर कुरांतोच्या, म्हणजे जमिनीत जेवण शिजवायच्या खड्ड्यात जाळ केला, धूर दिसला, की सगळे निघतात. धूर नसेल तर घरवाल्याचा विचार बदलला. मग जायचं नाही, विचारायचं पण नाही, त्याला लाज वाटेल.

मला का नाही सुचलं तिला सांगायचं? अहो, मला काय माहीत तिला हे माहीत नाही! ती इतकी आमच्यातली झाली होती की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आजोबांचं पातागोनिया तिला माहीत, आईच्या भांडणांची कारणं माहीत, मग हेच कसं माहीत नसणार?

तिनं घरी जाऊन बटाट्यांचा ढीग मांडला आणि झोनेलला म्हणाली, "बघ, गावानं माझं सांत्वन केलंय. किलोकिलोनं."

हे झोनेलनं नंतर सांगितलं. दर वेळी सांगतो आणि दर वेळी बटाट्यांचा ढीग उंच होत जातो.

उधाणाचा दिवस उजाडला. स्वच्छ! ढग नाही, वारा नाही, खाडी आरशासारखी. असला दिवस चिलोएत फुकट घालवणं म्हणजे पाप. बाबांनी अंधारातच बैल जुंपले होते. होय, त्याच खूर दुखणाऱ्या बैलांना. आजोबा वय झालेले, दोर खांद्यावर घेऊन फाटकात उभे. आणि आई खिडकीत.

"धूर?" बाबा अंगणातून.

"नाही."

"आता?"

"अहो, आता म्हणजे आत्ताच तर सांगितलं!"

"ओहोटी संपत आली. काय करतेय ही बाई?"

"विचार बदलला असेल," आजोबा म्हणाले, पण त्यांनी दोर काही खाली ठेवला नाही.

मी म्हटलं, मी धावत जाऊन विचारून येते. चपला पण घातल्या. आईनं दंड धरला. "खबरदार. जेवायला कधी वाढताय असं विचारायला जातात का कुणी?" मी चिडले, रडकुंडीलाच आले, कारण मला ते निळं घर जाळात दिसायला लागलं, जावयाच्या कुऱ्हाडीसकट. आणि गल्लीत बघते तर प्रत्येक अंगणात हेच! जुंपलेले बैल, खिडकीत बायका, सगळ्यांच्या माना टेकडीकडे. सगळं गाव धुराची वाट बघतंय.

आणि टेकडीवर मावशी माणसांची वाट बघत होती. ती, झोनेल आणि कारखान्यातले दोघं हैतीचे. त्या तिघांनी आणि तिनं मिळून आदल्या आठवड्यात घर रिकामं करून खाली ओंडके बसवले होते, पण चार माणसांत घर हलतं का? जाळ केलाच नव्हता. कुणासाठी करायचा? आपल्या चौघांपुरतं भोपळ्याचं सूप एका पातेल्यात. कॅमेरा पिशवीत.

"मागितलं ना शेवटी," ती झोनेलला म्हणाली. "बघ, हे असं असतं."

झोनेल म्हणाला, "ताई, आपल्याकडे कोंबितला, सगळ्यांनी मिळून करायच्या शेतकामाला, कुणी दारोदार जातं का? शेत नांगरायचं असलं की पहाटे काय करतात?"

"शंख फुंकतात."

"मग?"

"मग काय? तिकडे लोकांना कळतो शंख. इथे कोण येणार? समुद्री कोंबड्या?"

"येईना का कोण. निदान घराला तरी कळू दे आपण बोलावलं होतं."

ती हसली म्हणे. आणि खोलीवर जाऊन दाराची अडकण उचलून आणली.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. आधी नुसती फुस्स झाली असणार, ती आम्हाला ऐकू नाही आली. मग असा आवाज आला जसा खाडीच्या पोटातून कुणीतरी हाक मारतंय. लांब, जाड, गोल. आणि परत. आणि परत.

आमच्या किनाऱ्यावर धुक्यात अडकलेली होडी असाच भोंगा वाजवते. म्हणजे माणूस बुडतंय!

"होडी!" बाबा ओरडले. आणि अख्खं गाव सुटलं. दोर, गळ, घोंगड्या, बादल्या, जे हाताला लागेल ते. बैलांना कुणी सोडलं नाही म्हणून बैलपण पळाले. मी आईच्या पुढे, आई गाऊनवर. टेकडी चढून वर बघतो तर समुद्रात चिटपाखरू नाही आणि मावशी गाल फुगवून शंख वाजवतेय, डोळे मिटून.

तिनं डोळे उघडले. समोर सगळं गाव धापा टाकत.

"कोण बुडतंय?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग हे काय वाजवताय?"

"तुम्हाला बोलावतेय!"

"आम्हाला? आम्ही पहाटेपासून बैल जुंपून बसलोय! धूर कुठाय तुमचा?"

"कसला धूर? तुमच्या बैलाचा खूर दुखतोय ना!"

"खूर? कुठला खूर?" बाबा खरंच विसरले होते. "अहो शेजारीणबाई, बटाटे दिले ना आम्ही!"

"बटाटे दिले म्हणजे?"

 मग मागून रुदेलिंदा आज्जी काठी टेकत टेकत पोचली, सगळ्यात शेवटी, आणि तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "कुणी सांगितलं नाही हिला? कुणीच? गाढवांनो! माझ्या लग्नात आलेल्या बैलांना तुमच्यापेक्षा जास्त अक्कल होती. आणि तू गं! माझ्या गावाचे पिक्चर काढतेस आणि एवढं विचारता येत नाही? रड नंतर. काडेपेटी आण."

मावशी रडत नव्हती, हसत होती. बरं, दोन्ही.

मग जे झालं ते इतक्या पटापट झालं की मला नीट क्रमानं आठवत पण नाही. जाळ पेटला. बायकांनी खड्ड्यात दगड तापत टाकले, आपापल्या घरून शिंपले, डुकराचं मांस आणि मावशीला दिले होते तेच बटाटे. छत्रीएवढी पानं वर झाकली. खरं तर घरवाल्यानं जेवू घालायचं असतं, पण आई म्हणाली, "बटाटे तिच्या घरून आलेत ना? मग तिनंच घातलं. गप्प बसा." बाकीचे सगळे पल्याड, बैल दलदलीतल्या पायवाटेनं आणि माणसं होडीनं. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं, वाळू आकसत चाललेली. बैल पोटापर्यंत पाण्यात. "ओढ! ओढ रे!" आणि झोनेलनं ढोलासारख्या आवाजात हैतीचं ओढायचं गाणं काढलं. कुणाला शब्द कळेना पण ठेका सगळ्यांच्या हातात गेला, कारण ओढण्याचा ठेका जगात एकच असतो.

पण पिक्चर? मावशी दोराला होती. घरवाली दोराला लागली नाही तर घर रुसतं म्हणतात. कॅमेरा झाडाखाली पिशवीत पडलेला. मी म्हटलं, मी घेते, आणि तेवढ्यात आज्जीनं तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"नियम काय आहे हिचा?"

"ज्याची गोष्ट त्यानं सांगायची नाही."

"मग? घर तिचं. गोष्ट तिची. सांगणार मी. आणि मी घरातूनच येणार. या घरात नवरी म्हणून आले ती होडीनं आले होते. आता घरच होडी झालंय तर मी काय चालत जाऊ?"

"आज्जी, बुडलं बिडलं तर?" मावशी दोर धरूनच ओरडली.

"तर पिक्चर चांगला होईल!"

तिला कोण अडवणार? दोघांनी उचलून खिडकीपाशी बसवली. बसायला रिकाम्या घरात काही नव्हतं म्हणून आजोबा होडीनं घरी गेले आणि पत्र्याची सुटकेस घेऊन आले! तेल लावलेली!

"सुटकेस नाही! आजोबा, सुटकेस नाही हं!" मावशी पाण्यातून.

"तू गप्प ओढ," आजोबा म्हणाले. "सांगणारा ठरवतो."

आणि घर तरंगलं.

 एक कुरकुर झाली, जुन्या दाराची असते तशी, आणि ते निळं घर किंचित डोललं, एका बाजूला कललं, आणि मग सरळ झालं. जसं काही झालंच नाही. पुढे होड्या, दोर ताणलेले, इंजिनं फटफटतायत (भरवसा नसलेली), आणि मागे शांतपणे घर येतंय खाडीतून. खिडकीत रुदेलिंदा आज्जी सुटकेसवर बसून, पडदा वाऱ्यावर, हातात चिकटपट्टीचा कॅमेरा, आणि तोंड अखंड चालू. सगळ्यात पुढच्या होडीत मावशी उभी, घराकडे तोंड करून. पिवळा रुमाल सुटून पाण्यात गेला तरी तिला कळलं नाही.

संध्याकाळच्या आत घर टेकडीवर बसलं, जरा तिरकं. "समुद्राकडे मान वळवलीय, राहू दे तसंच," आज्जी म्हणाली. कुरांतो उघडला. चौघांपुरतं केलेलं भोपळ्याचं सूप पाणी घालघालून सगळ्या गावाला चमचा चमचा पोचलं, आणि बाबांनी तर वाटी चाटली. सफरचंदाची दारू म्हणजे आमची चिचा, अकॉर्डियन, झोनेल आणि माझी आई नाचतायत, आई अजून गाऊनवरच!

पिक्चर हिवाळ्याच्या सुट्टीत दाखवला. चर्चच्या हॉलमध्ये, चादरीवर. मावशीनं काहीच कापलं नव्हतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. अर्धा वेळ आज्जीचा अंगठाच दिसतो. मग बैलाचं ढुंगण, बराच वेळ. मग आजोबांच्या सुटकेसचा कोपरा, अगदी स्पष्ट. हॉलमध्ये टाळ्या. आणि या सगळ्यावर आज्जीचा आवाज, तिला 'मी' म्हणून सांगायचं होतं ते तिच्या बरोबर लक्षात होतं:

"मी लांबून आले. माझ्याकडे पोतं होतं. मी कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नाही, एवढी मी गर्विष्ठ... अरे, उजवीकडे घे ना दोर, मेल्या! ...एवढी मी गर्विष्ठ होते. तो बघा माझा गाव येतोय जवळ. मला वाटलं होतं मी गावाकडे चाललेय. पण बघा ना, इथून, खिडकीतून, गावच चालत माझ्याकडे येतोय. पळतायत बघा कसे. ती जाडी कोण? गाऊनवर? अगं बाई!"

मावशी शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मग बघितलं. दोन्ही हातांत चेहरा धरून, खांदे गदागदा हलतायत, हसून. बाजूला झोनेल तिच्या पाठीवर थोपटतोय आणि स्वतःच रडतोय. खिडकीपासून लांब बसलेत दोघं, एवढं मी सांगून ठेवते.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे डुक्कर कापायचं होतं. ते पण सगळ्यांनी मिळून करायचं काम. बाबा टोपी घालून मावशीच्या घरी विनंती करायला गेले, मी बरोबर. निळ्या घरात आता पडदे तेच आज्जीचे आणि दाराला तोच शंख. बाबा बसले, सूप प्यायले, शेळीची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, "शेजारीणबाई, एक विनंती होती."

मावशीनं छताकडे बघितलं. बराच वेळ.

"नीबाल्दो भाऊ, माझा गुडघा जरा दुखतोय. कारखान्यात ड्युटी पण बदललीय. आणि झोनेलला स्वप्न पडलंय."

"असं का," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"घ्या, हे घेऊन जा," तिनं एक मोठा भोपळा बाबांच्या हातात दिला.

परत येताना बाबा रस्ताभर शीळ घालत होते.

त्या सकाळी मी आधी उठले. समोर टेकडीवर बघते तर निळ्या घराच्या खिडकीत पडदा सरकवलेला, मावशी उभी, अंगावर एप्रन बांधून तयार, नजर आमच्या अंगणावर. आई काडेपेटी घेऊन अंगणातल्या चुलीकडे निघाली तर बाबांनी हात धरला.

"थांब जरा. थांबू दे तिला. आपण केवढे थांबलो होतो!"

"अहो, कितवीत आहात तुम्ही?"

"थोडंसंच."

आम्ही तिघं अंगणात लपून बघत उभे, आजोबा मागून विचारतायत काय चाललंय. खिडकीतून मावशी गेली. बाबा खूश. "आता बघ, चिडून परत येईल."

आणि टेकडीवरून शंख वाजला. लांब, जाड, गोल.

गल्लीत दारं धडाधड उघडली. "कोण बुडतंय?" कुणीतरी ओरडलं.

"काडेपेटी!" बाबा किंचाळले. "अगं, काडेपेटी कुठाय?"